शेठची सावड कुठं फेडायची?

जसोंडी, ता. बुऱ्हाणपूर
२ डिसेंबर १९५७

मा. सचिव,
लवंगिया धर्मादाय निधी, मुंबई, यांस,

आपले गेल्या महिन्याचे पत्र पोचले. मौजे जसोंडी येथे कै. शेठ लवंगिया यांच्या स्मरणार्थ समाजमंदिर बांधून देण्याचा आपल्या निधीचा मानस कळला. जागा, नकाशा व संगमरवरी पाटीवरील मजकूर यांबद्दल आपण विचारणा केली आहे. गावसभा बोलावून लवकरच कळविते.

मालती वामन रावेरकर,
ग्रामसेविका

झालं. सरकारी पत्र इथं संपलं, त्याची नक्कल ब्लॉकच्या फाइलला लागली. हा दुसरा कागद सचिवांना नाही, अनंतदादाला आहे.

दादा, सही मी लगेच ओळखली. ‘रावेरकर’ लिहिताना शेवटच्या ‘र’ची शेपटी ओढून तिला खाली गाठ मारणारा माणूस या जगात एकच आहे. ‘सही करतोस की पतंग उडवतोस?’ असं आप्पा तुला विचारायचे. तू लवंगियांच्या पेढीवर आहेस एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या निधीचा सचिव झालास हे मात्र टपालखात्यानं कळवलं. अभिनंदन.

तीन वर्षांपूर्वी बुऱ्हाणपूर स्टेशनवर तू मला म्हणालास, “आजपासून तुझा भाऊ मेला असं समज.” मी तसलं काही समजले नाही. दर वर्षी राखी पाठवली. एकही परत आली नाही, त्यावरून भाऊ जिवंत आहे आणि त्याला मनगट आहे, इतपत अंदाज होता.

आता मात्र तुझी पंचाईत झाली आहे. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं असा तुमच्या निधीचा नियम छापलेला आहे, मी वाचला. बहिणीला न लिहून चालतं रे, ग्रामसेविकेला न लिहून चालत नाही.

अलकावहिनींना नमस्कार. त्यांना अजून मी पाहिलेलंसुद्धा नाही.

तुझी,
मालू


जसोंडी
२१ डिसेंबर १९५७

दादा,

तुझी पोच मिळाली. दोन ओळी, टंकलिखित, आणि खाली पतंग. काही हरकत नाही, सुरुवात म्हणून चालेल.

गावसभा झाली. सरपंच दगाभाऊ पाटलांनी तुमचं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. समाजमंदिर म्हणजे काय, ते कशासाठी असतं, तिथं कोण बसतं, असं सगळं मी सांगितलं. पुरुष मंडळी माना डोलवत होती. फुकट मिळतंय तर कोण नाही म्हणणार? तेवढ्यात मागून धुरपदाबाई उठल्या. या बाई साठीच्या पुढच्या आहेत, गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातची जन्मलेली, आणि त्या बोलायला लागल्या की दगाभाऊसुद्धा बिडी विझवतात.

“पोरी, समाज तं आमचा पारावर बसते,” त्या म्हणाल्या. “त्याले मंदिर कायले? नाल्यावर फरशी बांधून द्या म्हना तुमच्या सेठले.”

मग बायकांनी जो गलका केला तो मुंबईपर्यंत कसा आला नाही, याचंच मला नवल वाटतं.

फरशी म्हणजे इथं पाण्याला खालून वाट ठेवलेला ठेंगणा पूल. तुला नाला ठाऊक नसणार. आपण शहरातली माणसं, जसोंडीला कधी हुरडा खायलाही आलो नव्हतो. गाव आणि बुऱ्हाणपूरचा रस्ता यांच्या मधून हा नाला जातो. आज त्यात चपला भिजत नाहीत. पण आषाढात तो असा भरतो की दोन-दोन, चार-चार दिवस गाव अलीकडे आणि जग पलीकडे. केळीचे घड काठावर पिकून काळे पडतात. पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं घरी बसून गोट्या खेळतात. गेल्या श्रावणात धुरपदाबाईंच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं आणि बाळ आडवं आहे हे त्यांच्या हाताला कळलं. त्या स्वतः सुईण, तरी म्हणाल्या, हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. चौघांनी बाज खांद्यावर घेतली. मधोमध पाणी छातीपर्यंत आलं. काय झालं देवाला माहीत, हेलकाव्यांनी बाळच फिरलं असं धुरपदाबाई म्हणतात, पण ते तिथंच, पाण्यावर धरलेल्या बाजेवर जन्मलं. पाण्याच्या लोटात आलं म्हणून नाव लोटू. आता गुटगुटीत आहे आणि माझं पेन खातं. पण पुढच्या बाईच्या वेळी नाला एवढा दयाळू असेलच असं नाही.

तेव्हा समाजमंदिर नको, फरशी हवी, आणि ती येत्या पावसाळ्याच्या आत हवी. सभेचा ठराव सोबत जोडला आहे. माझ्या मनचं विचारशील तर तुमचं समाजमंदिर म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. त्याला रंग कोणी द्यायचा, झाडायचं कोणी, कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवायची, यावरच पहिली मारामारी होईल.

आणि हो, तुझ्या पोचेच्या पत्त्यात ‘परप्रांत’ असा शेरा मारलेला दिसला. तुमच्या कारकुनाचा असेल. त्याला सांग, मी जागची हललेले नाही, प्रांतच हलला. काल नागपूरला अर्ज जायचे, आज भोपाळला जातात. आम्ही भांडतो मराठीत, अर्ज करतो हिंदीत, आणि नाला दोन्ही भाषांत तेवढाच भरतो.

मालू


जसोंडी
संक्रांत, १४ जानेवारी १९५८

दादा, तिळगूळ घे आणि गोड बोल. निदान टाइपरायटर तरी गोड वाजव.

तुझं पत्र वाचून मी ब्लॉकच्या ऑफिसात टाळी वाजवली आणि ओव्हरसियरसाहेब खुर्चीतून दचकले. विश्वस्तांनी फरशी मान्य केली! सिमेंट, सळया आणि मोठे पाइप निधीचे, दगड, मुरूम आणि ‘श्रमदान’ गावाचं. ‘इमारतीव्यतिरिक्त कामास निधी देण्याचा हा पहिलाच प्रसंग असून, सचिवांनी या बाबतीत आग्रह धरला’ असं त्यात एक वाक्य आहे. तू स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहिलंस, पण आग्रह धरलास. मी ते वाक्य चारदा वाचलं. मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला माझं काही जात नाही.

शेठची पाटी मात्र फरशीच्या तोंडाशी लागलीच पाहिजे, ही अट बाकी आहे. ते आपण पुढं बघू.

आता गावची गंमत ऐक. ‘श्रमदान’ हा शब्द मी सभेत वाचला आणि दगाभाऊंच्या कपाळाला आठी पडली.

“बाई, ते दानबिन सोडा,” ते म्हणाले. “नाला आमचा, पाय आमचे. मंग दान कोनाले कऱ्याचं? आमी सावड करू.”

सावड म्हणजे काय हे तुला मुंबईत कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते. आज माझ्या शेतात तू तुझी बैलजोडी घेऊन यायचं, उद्या तुझ्या शेतात मी माझी घेऊन जायचं. मजुरी नाही, उपकार नाही, कोणी मालक नाही आणि कोणी गडी नाही. ज्याच्या शेतात काम, त्याच्या घरचं जेवण. इथली अर्धी केळी अशीच उभी राहते. गावानं ठरवलं, फरशी सगळ्यांची, तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांच्या सावडीला यायचं. आणि शेठही सावडीला आले असंच धरायचं. कोणी बैल घेऊन येतो, शेठ सिमेंट घेऊन आले.

“मंग सेठचं वावर कोठी हाये?” दगाभाऊंनी मला विचारलं. “कामाले कवा याचं आमी?”

मी हसले. म्हटलं, शेठ तर देवाघरी गेले, त्यांचं वावर आता आकाशात. सगळे हसले आणि सभा उठली. तुम्हाला मी ‘गाव राजी आहे’ असं कळवून टाकलं.

मालू


जसोंडी
२० फेब्रुवारी १९५८

दादा,

घोटाळा झाला आहे आणि तो माझ्याच हसण्यातून झाला आहे. नीट वाच.

सिमेंट बुऱ्हाणपूर स्टेशनात येऊन पडलं आहे. पाइपही आले. मी आनंदानं गावात धावत आले, दगाभाऊ, गाड्या जुंपा! दगाभाऊंनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “सेठचं वावर कळलं का, बाई?”

मला वाटलं होतं तो विषय हसण्यावारी गेला. तो फक्त माझ्यापुरता गेला होता. परतफेड कुठं करायची ते ठरल्याशिवाय दुसऱ्याची सावड घ्यायचीच नाही, हा इथला कायदा आहे. भिकन नावाचे एक गृहस्थ गावात आहेत. मागं कधीतरी त्यांनी केळीच्या लावणीला सगळ्या गावाची सावड घेतली आणि स्वतःची पाळी आली तेव्हा पाहुण्यांकडे जाऊन बसले. तेव्हापासून त्यांच्या बांधावर कोणी बैल नेत नाही. त्यांच्याशी बोलतात, लग्नाला बोलावतात, पण सावडीला हाक नाही. भिकन एकटे औत हाकतात आणि त्यांचं तोंड बघवत नाही. आख्ख्या जसोंडीला भिकन व्हायचं नाही.

मी तुला लिहिलं, तेव्हा तुझं उत्तर आलं: ‘निधीस कोणत्याही परतफेडीची अपेक्षा नाही. सदर साहाय्य हे निव्वळ दान आहे.’ हे मी सभेत वाचून दाखवलं. वाचायला नको होतं. धुरपदाबाई ताडकन उठल्या.

“दान? आमी काय गिरान लागल्यावर भांडं घेऊन दारी आलो होतो का सेठच्या?”

लोक उठून गेले. गाड्या जुंपल्या नाहीत.

तुला राग आला असेल. मलाही पहिल्यांदा आला. देणारा देतोय, यांना घ्यायला काय होतंय? दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मग शेजारच्या भागाबाईंच्या घरी मिरच्या निवडायला बसले होते, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “ज्याच्या घरी आपन कामाले जाऊ नही शकत, तो आपल्या घरी आला तं त्याच्याशी भांडता येत नही, पोरी.” खरं सांगते, हातातली मिरची तशीच राहिली. पुढं फरशी खचली, पाइप फुटला, शेठच्या पाटीवर शेण उडालं, तर हे लोक तुमच्याशी काय बोलणार? दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात म्हणतात. यांना दात मोजायचे आहेत, दादा. बरोबरीनं उभं राहून मोजायचे आहेत. तुम्हाला अपेक्षा नसेल, यांना आहे.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते. आप्पा गेल्यावर तू मला न्यायला आलास, तेव्हा दादरच्या शाळेतली नोकरी पक्की करून आला होतास. खोली पाहिली होतीस. एक मुलगासुद्धा पाहून ठेवला होतास. सगळं चांगलंच होतं, तुझ्या मनात माझं भलंच होतं. फक्त मला काय हवं ते विचारायचं तेवढं राहिलं. मी ग्रामसेविकेच्या शिक्षणाला जाते म्हटल्यावर तू म्हणालास, “एवढं आयतं ताटात वाढलं तरी तुला नको!” आयतं होतं म्हणूनच नको होतं रे. मी तुझं समाजमंदिर नाकारलं, भावाला नाही.

असो. ओव्हरसियरसाहेब म्हणतात, सिमेंट फार दिवस पडून राहिलं तर पोत्यातच दगड होईल. परवान्याचं सिमेंट आहे, ते पुन्हा मिळायचं नाही. होळीनंतर काम लागलं नाही तर पावसाच्या आत फरशी होत नाही. मग पुन्हा नाला, पुन्हा बाज.

म्हणून हात जोडून सांगते, आम्हाला काम दे. मुंबईत काहीही शोध. लवंगियांच्या बंगल्याची भिंत पडलेली असेल, बाग उकरायची असेल, विहिरीतला गाळ काढायचा असेल. आम्ही येऊ. एवढ्या मोठ्या निधीला दहा माणसांच्या हातांची कुठंच गरज नाही, हे मला पटत नाही.

मालू


जसोंडी
९ मार्च १९५८

माझ्या दादा,

तुझं पत्र! हातानं लिहिलेलं! चार पानं! पोस्टमननं पाकीट दिलं आणि मी ते तिथंच नाल्याच्या काठावर बसून वाचलं. आधी हसले, मग रडले, मग शेजारी बसलेल्या लोटूनं एका पानाचा कोपरा खाल्ला. काय लिहिलं होतंस त्या कोपऱ्यात? पुन्हा लिही.

शेठाणी तुला काय म्हणाल्या तो भाग मी सभेत तीनदा वाचला. तिसऱ्यांदा लोकांनीच मागून घेतला. तू भीत भीत त्यांच्यापुढं विषय काढलास, बाकीचे विश्वस्त हसले, आणि त्या म्हणाल्या, “हसता कशाला? एवढी वरसं आपण पैसा वाटते, ‘तुमच्याकडे काय काम आहे’ असं मला आजपर्यंत कोणी विचारलाच नाय.” मग कल्याणजवळच्या निधीच्या बालकाश्रमाचं त्यांनीच काढलं: मागं मोठी जागा, विहिरीला पाणी, आणि उगवतं काय तर गवत. पोरांना वर्षात कधी फळ मिळत असेल तर ते कोणाच्या तरी पुण्यतिथीला.

दगाभाऊ उभे राहिले. “विहिरीले पानी हाये?” मी म्हटलं, आहे. “जमीन काळी का मुरमाड?” मी म्हटलं, ते पत्रात नाही. “काई हरकत नही. मिरगाले आमची लावन झाली का पंधरा गडी जातील, केळीचे कंद घेऊन. बाग लावून देतील, पोराईले पानी द्याले शिकोतील. पक्की बात?” सभा म्हणाली, पक्की बात. धुरपदाबाईंनी विचारलं, त्या पोरांना आई-बाप नाहीत का? नाहीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मंग मी बी जाईन. पंधरा गडी काय पोराईले जेऊ घालतील!”

पाटीचाही निकाल लागला. माझ्या शेतात तू बैल घेऊन आलास म्हणून माझ्या शेतावर तुझं नाव लागत नाही, असं गावाचं म्हणणं होतं. तर धुरपदाबाईंनीच तोड काढली. फरशीवर शेठचं नाव लावू द्या, पण केळीच्या बागेवर जसोंडीचं नाव लागलं पाहिजे, तेही तेवढ्याच मोठ्या दगडात. हे शेठाणींना विचार. नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाड्या स्टेशनला निघाल्या. सगळ्यात पुढची गाडी कोणाची असेल? भिकनची! हाक मारली नव्हती, तरी रात्रीच बैलांना पेंड घालून तयार होते. दगाभाऊ त्यांच्या गाडीपाशी गेले. मग म्हणाले, “चाल पुढं, तुले रस्ता माहीत हाये.” एवढंच. पण भिकन स्टेशनपर्यंत गाणं म्हणत गेले आणि फार बेसूर म्हणत गेले.

सिमेंट शाबूत आहे. फक्त खालच्या थरातल्या दोन पोत्यांचे दगड झाले, ते पोरांनी बसायला घेतले. काम सुरू झालं. वहिनींना सांग, त्यांनी लिहिलेल्या दोन ओळी मी जपून ठेवल्या आहेत.

कामाची पाहणी करायला निधीचा माणूस येणार असं कळवलंयस. तो माणूस तूच असशील तर ये. माव्याची जिलेबी अजून तशीच मिळते. पण आधीच सांगून ठेवते, इथं टोपी घालून नुसतं उभं राहता येत नाही.

तुझी,
मालू


जसोंडी
१८ एप्रिल १९५८

सौ. अलकावहिनींना,
मालतीचा नमस्कार.

तुम्हाला माझं हे पहिलंच पत्र, आणि त्यात तक्रार करायची आहे. तुमचे यजमान दोन दिवसांत परत येतो सांगून निघाले होते. ते अजून इथंच आहेत आणि लवकर निघतील असं दिसत नाही. काळजी करू नका, प्रकृती उत्तम आहे. फक्त तळहातांना फोड आलेत आणि नाक सोलून निघालंय. काय झालं ते त्यांनी तुम्हाला अर्धंच लिहिलं असेल, म्हणून उरलेलं मी लिहिते.

दादा सोमवारी सकाळी आला. कोट, टोपी, काखेत फाइल. मला बघून नुसताच खाकरला. मी पाया पडले, तर म्हणाला, “काळी झालीस.” तीन वर्षांनी भेटलेल्या भावाचं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, “तू जाड झालास.” मग दोघंही हसलो आणि बरं वाटलं.

नाल्यावर गाव जमलं होतं. पाइप बसून झाले होते, वरचं काँक्रीट चाललं होतं. घमेली हातोहात जात होती. दादा काठावर उभा राहून फाइल उघडणार, तोच धुरपदाबाई आल्या. त्यांनी फाइल काढून घेतली आणि हातात घमेलं दिलं. “भाऊ, सावडीत रिकामा हात चालत नही.” मला वाटलं आता हा भडकणार. पण त्यानं कोट काढला, बाभळीच्या फांदीला अडकवला आणि रांगेत उभा राहिला. पहिलं घमेलं त्यानं निम्मं अंगावर सांडलं. भिकननं त्याला कसं धरायचं ते दाखवलं. दुपारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसून त्यानं वरण-बट्टी खाल्ली, किती ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

संध्याकाळी हातपाय धुऊन सगळे पारावर बसले, तेव्हा दगाभाऊंनी विचारलं, “साहेब, निधीची सावड तं ठरली. पन आज तुमी सोता राबले. तुमची सावड कोठी फेडाची?”

दादा म्हणाला, “माझं शेत नाही हो. दोन खोल्या आहेत भाड्याच्या.”

“मंग घरचं काई काम असंल.”

दादानं हातातली टोपी फिरवली. मग खाली बघत म्हणाला, “माझी बहीण माझ्या घरी कधी आलेली नाही. आखाजीच्या सणाला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. तिला पाठवा.”

दगाभाऊ मान हलवणार, तोच धुरपदाबाई म्हणाल्या, “आमाले काय इचारता? पोरीले इचारलं का?”

मग तो माझ्याकडे वळला. आजवर माझ्या बाबतीत त्यानं सगळं ठरवलं, आणलं, पाहिलं, पक्कं केलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. तो सगळ्या गावासमोर म्हणाला, “मालू, येशील का? जबरदस्ती नाही.”

एवढी बडबडी मी, सभा गाजवणारी, आणि पदर तोंडाला लावून बसले. धुरपदाबाईंनीच माझ्या वतीनं उत्तर दिलं. “येईल. पन सावडीचा कायदा हाये. दिवसाले दिवस. एक दिवस राबले तं एक दिवस लेक मिळंल.”

दादानं हिशेब केला. मुंबईला पोचण्यातच एक दिवस जातो. तो म्हणाला, “हे परवडत नाही.” सगळा पार हसला. मला वाटलं विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी मी नाल्यावर गेले, तर हा माझ्या आधी तिथं. धोतराचा काचा मारलेला, डोक्याला भिकनचा रुमाल. त्या दिवशी राबला, परवा राबला, काल राबला, आजही राबतोय. संध्याकाळी दगाभाऊ ‘साहेबाचा आजचा दिवस भरला’ असं ओरडतात आणि दादा माझ्याकडे सावकारासारखा बघतो. मी तुमच्याकडे किती दिवस राहणार आहे ते आता माझ्या हातात नाही. आपण दोघींनी त्या दिवसांत काय काय करायचं, त्याचा विचार तुम्ही करून ठेवा. मला समुद्र बघायचा आहे आणि तुमच्याकडून दादाच्या खोड्या ऐकायच्या आहेत.

फरशीचं म्हणाल तर ती झाल्यातच जमा आहे. पाऊस अजून लांब आहे. काल धुरपदाबाई लोटूला कडेवर घेऊन तिच्यावरून पलीकडे गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. काँक्रीट ओलं आहे, चालू नका, असं ओव्हरसियरसाहेब ओरडत होते. त्या म्हणाल्या, “ओलं हाये म्हनून तं पाय उमटतेत.” बोटांसकट उमटलेत. साहेबांनी ते पुसायला गडी पाठवला तर दगाभाऊंनी त्याला परत पाठवलं. सगळं गाव खूश आहे. पोरं फरशीवर धावायच्या पैजा लावून बसली आहेत, बायका आत्तापासून आषाढातले बाजार ठरवताहेत.

तोंड पाडून बसलेला माणूस गावात एकच आहे, तो म्हणजे तुमचे यजमान. काम उद्या संपतंय. आत्ताच, मी हे लिहीत असताना, ते दगाभाऊंना बाजूला घेऊन विचारत होते, गावाला दुसरा एखादा नाला नाही का?

तुमची,
मालती